भूमितीच्या तासाला जिओजेब्रा: तयारी, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या शाळेत संगणकावर घेतलेला गणिताचा तास बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतो. शिक्षक कोऱ्या पडद्यावर वर्तुळ काढायला सुरुवात करतात, बिंदूंना नावं देतात, मधेच भलतं बटण दाबलं जातं, ते निस्तरण्यात दहा मिनिटं जातात. मग आकृती हलते, मुलं खूश होतात आणि घंटा वाजते. आठवड्याने चाचणीत चक्रीय चौकोनाचं (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचं) उदाहरण येतं, तेव्हा निम्म्या वह्या कोऱ्या.

जिओजेब्रा या आकृत्या आणि आलेख हलवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही, क्रम चुकलेला असतो. खाली दहावीच्या गणित भाग २ मधल्या 'वर्तुळ' प्रकरणातलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय (शिरोबिंदू वर्तुळावर असलेला कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या, म्हणजे त्याच्या भुजांमध्ये सापडलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो) अथपासून इतिपर्यंत घेतलं आहे. तोच क्रम बीजगणिताला, नकाशाच्या उपक्रमाला आणि स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या साधनाला कसा लावायचा, ते पुढे थोडक्यात आहे.

## टप्पा १: प्रकरण निवडा आणि प्रश्न लिहा

प्रत्येक प्रकरण संगणकावर नेऊ नका. वर्तुळ, समरूपता, निर्देशक भूमिती, नववीतला त्रिकोण आणि वर्गसमीकरणांचे आलेख हे हलवून पाहण्याचे विषय आहेत. अर्थनियोजनाला साधं स्प्रेडशीट पुरतं. 'भौमितिक रचना' मात्र कंपास आणि पट्टीनेच शिकवा. परीक्षेत मुलाच्या हातात कंपास असणार आहे, आणि स्पर्शिका काढताना टोक घसरू न देण्याची सवय माउस लावत नाही.

प्रकरण ठरलं की विषयाचं नाव न लिहिता एक प्रश्न लिहा. 'अंतर्लिखित कोन' हे शीर्षक झालं. 'कंस तोच ठेवून बिंदू वर्तुळावर सरकवला, तर कोन बदलेल का?' हा प्रश्न. मुलांना ज्याचं उत्तर आधी चुकीचंही देता येईल, असा प्रश्न हवा.

तपासा: तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आधीच पाठ असेल, तर तास संगणक कक्षात नेण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: आदल्या दिवशी मशीनवर बसा

जिओजेब्रा क्लासिक ५ जुन्या मशीनवरही चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. शाळेच्या संगणकांवर नवीन काही बसवायला पासवर्ड लागतो, आणि तो ज्यांना माहीत असतो ते सर नेमके त्या दिवशी निवडणुकीच्या कामावर असतात. म्हणून विंडोजसाठीची पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवा. ती न बसवता थेट उघडते.

आता एवढं करा:

१. सगळे माउस हलवून पाहा. बिंदू ओढण्यावरच सगळा तास उभा आहे. अडखळणाऱ्या माउसवर मुलं वैतागतात आणि खोड्या सुरू होतात.

२. 'ऑप्शन्स'मधून अक्षरांचा आकार किमान २४ करा. शेवटच्या बाकावर स्वतः जाऊन बसा आणि कोनाचं माप वाचता येतं का पाहा. प्रोजेक्टरवर पिवळा आणि फिका हिरवा रंग पुसट होतो. गडद निळा, लाल आणि काळा एवढे पुरे.

३. अक्ष आणि जाळी बंद करा. वर्तुळाच्या प्रमेयात त्यांचं काही काम नाही, उलट मुलं चौकोन मोजत बसतात.

४. 'ऑप्शन्स' मेनूतूनच सेटिंग्ज सेव्ह करा, नाही तर प्रत्येक नव्या फाइलला हीच उठाठेव.

सावधान: देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला आहे का, ते आदल्या संध्याकाळी बघा. आकृतीच्या तीन स्थिती कागदावर छापून जवळ ठेवा. वीज गेली तर त्याच कागदांवर कोनमापकाने तास पुढे चालतो.

## टप्पा ३: आकृती घरी बांधा, वर्गात नाही

पूर्ण तयार आकृतीची फाइल घेऊनच वर्गात जा. बांधण्याचा क्रम असा:

१. 'स्लायडर' (माप बदलण्याची सरकपट्टी) घ्या. प्रकार 'अँगल' निवडा. किमान २० अंश, कमाल १८० अंश, पायरी २ अंश. पायरी २ ठेवण्यामागे कारण आहे: केंद्रीय कोन (शिरोबिंदू वर्तुळाच्या केंद्रावर असलेला) सम असला की अंतर्लिखित कोन पूर्ण अंशात येतो.

२. 'सर्कल विथ सेंटर थ्रू पॉइंट' हे साधन घेऊन वर्तुळ काढा. केंद्राला ओ आणि वर्तुळावरच्या बिंदूला ए नाव द्या.

३. 'अँगल विथ गिव्हन साइझ' निवडा. आधी ए, मग ओ वर क्लिक करा आणि मापाच्या जागी स्लायडरचं नाव द्या. वर्तुळावर नवा बिंदू तयार होईल. त्याला बी म्हणा.

४. 'पॉइंट' घेऊन वर्तुळावर पी ठेवा. वर्तुळाची रेघ जाड झाली की मगच क्लिक करा.

५. रेषाखंड पीए, पीबी, ओए, ओबी काढा.

६. 'अँगल' घ्या आणि ए, पी, बी याच क्रमाने क्लिक करा. शिरोबिंदू मधे.

सहाव्या पायरीवर सर्वात जास्त जण अडकतात. कोन ४० अंशांचा दिसतो आहे, पण पडद्यावर ३२० येतं. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं, त्यामुळे क्लिकचा क्रम उलटा झाला की प्रविशाल कोन मिळतो. शिवाय क्रम बरोबर असला, तरी पी दुसऱ्या कंसावर गेला की हेच होतं. म्हणून कोनावर उजवं क्लिक करून गुणधर्मांत जा आणि कोनाची मर्यादा '० ते १८० अंश' करा. केंद्रीय कोनालाही तीच मर्यादा लावा.

७. 'चेक बॉक्स' साधनाने दोन खुणा करा. एकीने केंद्रीय कोन दिसेल किंवा लपेल, दुसरीने अंतर्लिखित. दोन्ही लपवून फाइल सेव्ह करा. मुलांनी अंदाज लिहायच्या आत माप दिसलं, तर तास तिथेच संपला म्हणून समजा.

तपासा (ओढून पाहण्याची चाचणी): पी ला वर्तुळभर फिरवा, जोरात बाहेर ओढून पाहा. तो वर्तुळ सोडून गेला, तर तो वर्तुळावर कधी नव्हताच, फक्त जवळ होता. रंगावरूनही ओळखता येतं: मोकळा बिंदू गडद निळा, एखाद्या आकृतीला बांधलेला फिकट निळा, आणि दुसऱ्यांवर पूर्ण अवलंबून असलेला काळपट. मग ए ओढा. वर्तुळ लहानमोठं व्हायला हवं, पण कोन तेच राहायला हवेत.

डोळ्यांच्या अंदाजाने 'बरोबर' दिसणारी आकृती बरेच जण करतात. लंब दिसणारी रेघ लंब असतेच असं नाही. मुलानं एक बिंदू हलवला की तिचं पितळ उघडं पडतं. लंब हवा असेल तर लंबाचंच साधन वापरा.

## टप्पा ४: वर्गात आधी वही, मग माउस

पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली आठ मिनिटं संगणकाकडे कुणी बघायचं नाही. प्रत्येकाने वहीत वर्तुळ काढायचं, एक कंस घ्यायचा, उरलेल्या वर्तुळावर तीन वेगवेगळ्या जागी बिंदू घेऊन कोन मोजायचे. कुणाला ४१, ३९, ४० मिळतील, कुणाला ५२, ५५, ५३. आकडे फळ्यावर लिहा. दुरुस्त करू नका. या गोंधळातूनच 'सगळे सारखेच आहेत की काय?' असा प्रश्न कुणाच्या तरी तोंडून येतो. नाही आला, तर टप्पा १ मधला प्रश्न तुम्ही विचारा आणि प्रत्येकाला अंदाज पेनाने लिहायला लावा. पेन्सिलने लिहिलेला अंदाज नंतर गुपचूप खोडला जातो.

आता संगणक. दोघांना एक मशीन असेल तर एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही, आणि पाच मिनिटांनी अदलाबदल. वर्गात एकच प्रोजेक्टर असेल तर एका मुलीला पुढे बोलवा. माउस तिच्या हातात, सूचना वर्गाच्या. तुम्ही मागच्या भिंतीशी उभे राहा. हात शिवशिवतील, पण माउसला हात लावू नका.

स्लायडर ८० वर ठेवा. आधी फक्त अंतर्लिखित कोन दाखवा. पी मोठ्या कंसावर फिरतो, आकडा ४० वर ठाम. मग केंद्रीय कोन दाखवा: ८०. स्लायडर बदलून पाच-सहा जोड्या वहीत कोष्टकात लिहायला सांगा. 'निम्मा आहे' हे मुलंच बोलतील.

मग पी ला ए च्या पलीकडे, लहान कंसावर जाऊ द्या. आकडा ४० वरून एकदम १४० वर उडी मारतो.

'बाई, बिघडलं!'

'काय बिघडलं?'

'निम्मं नाही राहिलं. ८० चं निम्मं १४० कसं?'

इथे उत्तर देऊन टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याऐवजी विचारा: पी आता लहान कंसावर उभा आहे, तर त्याच्या कोनाने कोणता कंस अंतर्खंडित केला? बोटाने दाखवा. बोट मोठ्या कंसावर फिरतं. त्याचं माप ३६० वजा ८०, म्हणजे २८०. त्याचं निम्मं १४०. प्रमेय कंसाच्या मापाबद्दल बोलतं, पडद्यावर दिसणाऱ्या केंद्रीय कोनाबद्दल नाही, हे इथे एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. आणि ४० अधिक १४० किती? १८०. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात, हे पुढचं प्रमेय न शिकवता पडद्यावर येऊन उभं राहिलं आहे. आज त्याचं नाव घेऊ नका. 'हे १८० लक्षात ठेवा' एवढंच म्हणा.

शेवटी स्लायडर १८० वर न्या. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, याला अर्धं मिनिट पुरतं.

सावधान: मुलांनी स्वतः कोरी आकृती काढली आणि बी मोकळा ठेवला, तर ३७.४६ आणि ७४.९३ असे आकडे दिसू शकतात. ३७.४६ ची दुप्पट ७४.९२ होते, म्हणून हुशार मूल 'नियम चुकला' म्हणेल. खरा कोन ३७.४६३ च्या आसपास आहे आणि पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंतच दिसतो. 'राउंडिंग' वाढवून दाखवा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कधी कधी १७९.९९ येते, तिचं कारणही हेच.

## टप्पा ५: सिद्धता कागदावर, त्याच दिवशी

शेवटची आठ-दहा मिनिटं राखून ठेवा. पडदा बंद करू नका, आकृती स्थिर ठेवा. 'शंभर जागी खरं दिसलं, एकशे एकाव्या जागी कशावरून?' असं विचारून पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे चार शब्द फळ्यावर लिहा.

रचना म्हणून किरण पीओ काढा. त्रिकोण ओपीए मध्ये ओपी आणि ओए त्रिज्या, म्हणजे समोरचे कोन सारखे. बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा, म्हणजे त्यातल्या एकाच्या दुप्पट. दुसऱ्या त्रिकोणातही तसंच. दोन्हींची बेरीज केली की झालं.

बहुतेक वर्गांत इथे थांबतात, आणि एक बाजू राहून जाते. पी ला ए च्या जवळ सरकवा. केंद्र ओ आता कोनाच्या बाहेर पडलं. बेरीज चालेल का? आकृतीकडे बघून मुलं सांगतात की आता वजाबाकी हवी. केंद्र कोनाच्या भुजेवर, आत आणि बाहेर या तीन स्थिती वहीत तीन छोट्या आकृत्यांनी काढून घ्या. कागदावर यांत जो गोंधळ होतो, तो एक बिंदू सरकवल्यावर दहा सेकंदांत मिटतो. जिओजेब्रा या प्रकरणात आणण्याचं माझ्या मते सर्वात मोठं कारण हेच.

तपासा: घंटेपूर्वी प्रत्येक वहीत अंदाज, कोष्टक आणि तीन आकृत्या आहेत का? कोष्टक नसलेलं मूल फक्त बघत बसलं होतं.

## टप्पा ६: वर्गसमीकरणाला हाच क्रम

इथली नेहमीची चूक म्हणजे ए, बी, सी असे तीन स्लायडर एकदम देणं. मुलं तिन्ही इकडेतिकडे ओढतात, वक्र नाचतो, हाती काही लागत नाही. एका वेळी एकच स्लायडर द्या.

एक्स² − ६एक्स + सी हा आलेख घ्या. सी ० ते १२, पायरी १. ५ वर वक्र अक्षाला १ आणि ५ मध्ये छेदतो, ८ वर २ आणि ४ मध्ये, ९ वर ३ ला नुसता टेकतो, १० पासून अक्षाच्या वर उचलला जातो. सी ९ असताना विवेचकाची (बी² − ४एसी) किंमत काढायला सांगा, मग ८ आणि १० असताना. शून्य, धन, ऋण हे तीन शब्द आपोआप आलेखाशी जोडले जातात.

एक्सच्या वर्गाच्या सहगुणकाला स्लायडर लावलात, तर तो शून्यावर आला की वक्राची सरळ रेघ होते. लपवू नका. वर्गसमीकरणाच्या व्याख्येत तो सहगुणक शून्य नसावा असं का म्हटलंय, ते तिथे दिसतं.

टाइप करताना घाताचं चिन्ह विसरू नका, आणि दोन अक्षरांचा गुणाकार असेल तर मधे मोकळी जागा किंवा गुणाकाराची खूण द्या.

सावधान: अक्षांचं प्रमाण १:१ आहे का पाहा. एखाद्याने अक्ष ओढून ताणला असेल तर वर्तुळ अंड्यासारखं दिसतं आणि परस्परलंब रेषा तिरप्या. निर्देशक भूमितीत यातून चढाबद्दल भलत्याच कल्पना बसतात.

## टप्पा ७: नकाशावरचा तलाव

समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं, हे मुलं घडाघडा म्हणतात आणि नकाशा दिला की चुकतात. त्यावर हा उपक्रम. ठाण्याच्या मुलांनी मासुंदा तलाव घ्यावा, नेरूळच्या मुलांनी ज्वेल ऑफ नवी मुंबई.

१. उपग्रह नकाशाचं चित्र घ्या. कोपऱ्यातली अंतराची पट्टी त्यात आलीच पाहिजे.

२. ते जिओजेब्रात टाकून पार्श्वभूमीला ठेवा आणि जागेवर पक्कं करा. चित्र मधेच सरकलं तर सगळं मोजमाप वाया.

३. पट्टीवर रेषाखंड काढून लांबी बघा.

४. तलावाच्या काठाने बहुभुज काढा आणि क्षेत्रफळ घ्या.

समजा पट्टी १०० मीटरची आहे आणि पडद्यावर तिची लांबी २ एकक भरली. म्हणजे १ एकक ५० मीटर. इथे बहुतेक मुलं क्षेत्रफळाला ५० ने गुणतात. एक चौरस एकक म्हणजे २,५०० चौरस मीटर, म्हणून २,५०० ने गुणायला हवं. चूक करू द्या आणि आलेलं उत्तर शाळेच्या मैदानाशी ताडून बघायला सांगा. तलाव मैदानापेक्षा लहान निघाला की मुलं स्वतःच मागे जाऊन गुणाकार तपासतात.

दोन गटांची उत्तरं थोडी वेगळी येतील. कोणी काठावर ८ बिंदू घेतले, कोणी ३०. जास्त बिंदू घेतल्यावर उत्तर कुठे सरकतं, एवढं विचारा आणि सोडून द्या.

## टप्पा ८: स्क्रॅचमध्ये बहुभुज

नववीच्या वर्गाला हा एक तास पुरतो. स्क्रॅचची डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते. 'पेन' मात्र आधी एक्स्टेन्शनमधून घ्यावं लागतं, ते शोधण्यात मुलांचा वेळ घालवू नका.

समभुज त्रिकोण काढायला सांगा: ३ वेळा, १०० पावलं पुढे, मग वळ. किती अंश? जवळपास सगळे ६० लिहितात. पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन येतो. मधे काही न पुसता तिथूनच पुन्हा चालवला की उरलेला अर्धाही पूर्ण होतो, आणि मुलं तोंडात बोट घालतात. आता एकाला वर्गात चालायला लावा. खडूने त्रिकोण काढा, कोपऱ्यावर आल्यावर तो किती वळतो ते बाकीच्यांनी बघायचं. वळण बाह्यकोनाचं आहे, १२० अंशांचं. पूर्ण फेरी झाली की एकूण ३६०.

सप्तकोनासाठी ५१.४३ टाइप करू देऊ नका, भागाकाराच्या ठोकळ्यात ३६० भागिले ७ ठेवा. ५ वेळा १४४ अंश वळलं की चांदणी होते, ती कशी हे घरून शोधून आणायला सांगा: एकूण वळण ७२० भरतं.

तपासा: यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'सगळं पुसा', मध्यबिंदूवर जा, दिशा ९० हे तीन ठोकळे आहेत का? नसतील तर मागच्या वेळची अर्धवट रेघ नव्या आकृतीत मिसळते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

## दुसऱ्या दिवशी

संगणक न उघडता वर्गात तीन प्रश्न द्या, वेळ दहा मिनिटं. पहिला सरळ: कंस ११० अंशांचा, अंतर्लिखित कोन किती? दुसरा, बिंदू लहान कंसावर असलेली आकृती. तिसरा, केंद्र कोनाबाहेर असतानाची सिद्धता फक्त रचनेपर्यंत. पहिला सगळ्यांना आला आणि दुसऱ्यात गाडी अडली, तर टप्पा ४ मधली १४० ची उडी घाईत उरकली गेली आहे. तेवढाच भाग प्रोजेक्टरवर पुन्हा घ्या, पाच मिनिटं. तिसरा अडला तर संगणकाकडे जाऊ नका. वहीतल्या तीन आकृत्या उघडायला सांगा आणि किरण पीओ प्रत्येकाला पुन्हा पट्टीने काढायला लावा.